उजव्या चाकाचा डूख

बॉनेटवरचं कोपर काढा आधी. आणि तो चहाचा कपसुद्धा. माझ्या अंगावर कप ठेवून गप्पा हाणणाऱ्यांची मला भारी चीड येते. हं, आता ऐका. हो, मीच बोलतेय. ही समोर उभी आहे ती, धारच्या शिवाजीरावांची पांढरी मोटार. पांढरी होते म्हणा. आता उन्हानं रंग उडून शिळ्या ताकासारखी दिसते. नालछ्याच्या या शाळेपुढे रोज उभी असते, शाळा सुटेपर्यंत मला काही काम नाही, आणि तुम्हालाही बस यायची आहे. तेव्हा ऐकून जा.

लोक म्हणतात, यंत्राला मन नसतं. नसेल बापडं. पण डूख असतो. माझा डूख उजव्या पुढच्या चाकात होता, आणि तो कुणावर होता तेही सांगते. मी काही साधुसंतीण नाही. ज्यानं मारलं त्याला विसरायचं आणि वर आशीर्वाद द्यायचा, हे मला जमलेलं नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते देवास. माझे पहिले धनी चिंतामणी गुरुजी, शाळेत संस्कृत शिकवायचे. टेकडीखाली घर. गुरुजी गिअर असा बदलायचे की झोपलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी सारखी करतायत. गाय आडवी आली तर हॉर्न वाजवायचे नाहीत, काच खाली करून म्हणायचे, "माते, जरा सरकता का?" गाय सरकायची नाही. मग माई, म्हणजे त्यांच्या मंडळी, उतरून तिला हाकलायच्या आणि परत बसताना म्हणायच्या, "आटपा आता, देऊळ बंद व्हायचं." असे दिवस होते ते. गुरुजींना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मला धारच्या शिवाजीरावांच्या हाती दिलं. म्हणाले, "एकच मागणं आहे. रागात असाल तर हिला बाहेर काढू नका."

शिवाजीरावांनी ते पाळलं. मोठा रुबाबदार माणूस, घरात सगळे आबासाहेब म्हणायचे. पूर्वी कुणीतरी पणजोबा दरबारात मानकरी होते म्हणे. दरबार गेला, उरली एक तलवार आणि खंडेनवमीची पूजा. नवमीला पाटावर ती तलवार ठेवायची, शेजारी विळी, कात्री, आबासाहेबांचं पेन, आणि माझा जॅक आणि पाना. जॅकला हळदकुंकू! मला दरवर्षी हसू यायचं, पण बरंही वाटायचं. मग माझ्या गळ्यात झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि सगळे बसून नालछ्याच्या रस्त्यावरच्या शेतातल्या महादेवाला. देवळाभोवती मुरमाची वाट आहे. आबासाहेब मला त्या वाटेनं देवाच्या उजव्या हातानं फिरवायचे, मागच्या अंगाला गोमुख आहे तिथपर्यंत न्यायचे. अभिषेकाचं पाणी त्या गोमुखातून बाहेर येतं. ते ओलांडायचं नसतं. तिथे चिंचेखाली मला वळवून घ्यायचे आणि आल्या वाटेनं उलट परत आणायचे. महादेवाची प्रदक्षिणा अशीच असते, अर्धी जाऊन फिरायची. हे लक्षात ठेवा. मी उगाच पाल्हाळ लावत नाहीये.

आबासाहेबांचा मुलगा विक्रमसिंह. पिथमपूरला कारखान्यात सुपरवायझर आहे, कंपनीच्या बसनं जातो, येतो. दिसायला बापासारखा, बाकी काही नाही बापाचं. त्याची बायको वैभवी सतवासची. शेतकऱ्याघरची लेक, लग्नाआधी बापाचा ट्रॅक्टर चालवायची, नांगरासकट. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला चालवलं तेव्हा आबासाहेब शेजारी बसले होते. कोपऱ्यावर तिनं मला असं वळवलं की पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. आबासाहेबांनी घरी येऊन चावी तिच्याच हातात ठेवली. म्हणाले, "सूनबाई, ही आता तुमच्याकडे." विक्रमसिंह दारात उभा होता. त्याचा चेहरा मी आरशात पाहिला. कारलं खाल्ल्यासारखा झाला होता.

आबासाहेब गेले. वैभवीला नालछ्याच्या शाळेत अतिथी शिक्षिकेची जागा मिळाली. पक्की नोकरी नव्हे, पण तिची स्वतःची. रोज सकाळी ती आणि मी धारहून निघायचो. बस आहे, पण ती एकतर फार लवकर येते नाहीतर शाळा भरून गेल्यावर. तेव्हा तिची नोकरी म्हणजे मी, असं समजा ना.

आता येते मुद्द्यावर. श्रावण होता. रविवारी विक्रमसिंहाला मांडूला जायची हुक्की आली. बरोबर दोन मित्र, कानठळ्या बसतील अशी गाणी. जाताना ठीक होतं. येताना नालछ्याच्या अलीकडे एक बस पुढे होती, आणि तिच्या मागून जाणं या राजाला कमीपणाचं वाटलं. घेतलं मला उजवीकडे. समोरून ट्रक. मागे यायला जागा नाही. यानं मला आणखी उजवीकडे रस्त्याखाली घातलं, आणि मोरीच्या दगडावर माझं उजवं पुढचं चाक आदळलं.

आई गं! अजून आठवलं तरी पत्रा शहारतो.

चाकाची रिम वाकली. ती दिसली, म्हणून तिचा इलाज झाला: स्टेपनी काढली, लावली, वाकडं चाक डिकीत तळाला ठेवून वर सतरंजी पसरली. न दिसलेली जखम आत होती. चाकाच्या आतल्या अंगाला एक सांधा असतो. इंजिनाचा जोर तो चाकाला देतो, आणि चाक कितीही वळलं तरी तो जोर तुटू देत नाही. त्यावर रबरी टोपी, आत ग्रीस. ती टोपी दगडानं फाटली. ग्रीस गळायला लागलं, धूळ आत शिरायला लागली. तुमच्या गुडघ्यात कुणी मूठभर वाळू भरली तर कसं होईल? तसं.

त्या वेळी विक्रमसिंह मित्रांना काय म्हणाला, ते ऐका. "घर पे मत बोलना, भिया. वैसे भी रोज तो वही चलाती है."

तिथे मी डूख धरला. दगड लागला याचा नव्हे. दगड कुणालाही लागतो. गुरुजींनीही एकदा मला दुधवाल्याच्या सायकलला लावलं होतं, पण उतरून आधी हात जोडले होते. यानं हात जोडले नाहीत. यानं तिथल्या तिथे कुणाच्या गळ्यात धोंडा बांधायचा ते ठरवून टाकलं.

सोमवारी वैभवी निघाली. सरळ रस्त्यावर मी गप्प. उजव्या वळणावर गप्प. पहिलं लांब डावं वळण आलं, सगळा भार उजव्या चाकावर गेला आणि खट, खट, खट! तळापासून स्टिअरिंगपर्यंत मी थरथरले. तिनं लगेच पाय काढला. गाडी कडेला घेतली, उतरली, वाकून पाहिलं. साडीत, रस्त्याच्या कडेला, वाकून! पण जॅक लावल्याशिवाय आतलं दिसत नाही. तिनं माझ्या उजव्या मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "काय झालं गं तुला?"

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. "अहो, गाडी डावीकडे वळताना थरथरतेय. उजवीकडे वळताना नाही, फक्त डावीकडे."

"फक्त डावीकडे?" तो टीव्हीवरून नजरही न काढता म्हणाला. "गाडीलापण राजकारण कळायला लागलं वाटतं."

"थट्टा नाही हो. खालून खटखट वाजतं."

"ट्रॅक्टर चालवायची सवय ना तुला. हात जड आहे. थरथर गाडीत नाही, तुझ्या हातात आहे."

मी अंगणात उभी होते, खिडकी उघडी होती. ऐकलं सगळं. इंजिन बंद होतं म्हणून, नाहीतर तिथेच धूर सोडला असता.

ती स्वतः मला घेऊन रघुजी मिस्त्रीकडे गेली. रघुजी भला माणूस, पण धारच्या सगळ्या मिस्त्र्यांची एक खोड त्यालाही आहे. गाडी बाईची असली तरी बिघाड पुरुषाला विचारायचा. वैभवी सांगत होती, "डावीकडे वळताना, उजव्या चाकातून," आणि हा मान डोलावून म्हणाला, "हाँ भाभीजी, एक मिनट, भिया से पूछ लूँ." लावला फोन. फोनवर विक्रमसिंह म्हणाला, "कुछ नहीं है यार, टायर बैलेंस कर दे." झालं. चारही चाकं फिरवली, काठाला शिशाची वजनं चिकटवली, मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तेच खट, खट, खट.

मग विक्रमसिंह स्वतः मला रघुजीकडे घेऊन आला. मोठा साव! रघुजीला शेजारी बसवलं आणि मला चौकातल्या गोल चक्कराभोवती फिरवलं. आता चौकात कसं फिरतात? गोल डाव्या हाताला ठेवून कुणी फिरतं का? पोलीस शिट्टी मारेल. चक्कर उजवीकडेच वळतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर, माझी जखम निवांत. पाच-सहा चकरा झाल्या, मी गप्प. मला ओरडायचं होतं हो, पण दुखतच नव्हतं तर ओरडू कशी?

रघुजी म्हणाला, "गाड़ी तो मक्खन है, भिया."

विक्रमसिंह हसला. त्या हसण्यात मला कळलं की याला कळलंय. चक्कर सोडताना त्यानं जे छोटंसं डावं वळण घेतलं, तिथे मी एकदा खटकले होते. यानं पटकन गाण्याचा आवाज वाढवला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते तर कळस होतं. वैभवीला म्हणाला, "चल, तुझ्यासमोर दाखवतो. म्हणजे तुझा संशय फिटेल." आणि मला आणलं कुठे? महादेवाच्या देवळाला. मुरमाच्या वाटेवर देवाच्या उजव्या हातानं गोल गोल फिरवायला लागला. आबासाहेब गोमुखापाशी थांबायचे, हा सरळ ते ओलांडून पूर्ण फेरी मारायचा. बाप गेल्यापासून दर नवमीला हेच करतोय. हिंदी शाळेत शिकला, पूजेत कधी मन नाही. त्याला वाटतं, देऊळ म्हणजे देऊळ, फेरी म्हणजे फेरी.

वैभवी म्हणाली, "अहो, उजवीकडे नाही. डावीकडे फिरवा. एकदाच."

"देवाला उलटी प्रदक्षिणा घालू? वेड लागलंय का तुला? अपशकुन!"

बघा! देवाच्या आड लपला. ती गप्प बसली, कारण तिच्या माहेरी मारुतीचं देऊळ होतं, तिथे पूर्ण फेरीच असते. आबासाहेबांच्या वेळी नवमीला ती नैवेद्याच्या स्वयंपाकात घरीच असायची, तिला गोमुखाचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

घरी येऊन त्यानं आईसाहेबांपुढे निकाल लावला. आईसाहेब म्हणजे राजाबाई, आबासाहेबांच्या पत्नी. गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडत नाहीत, मागच्या सोप्यात जप करत बसतात, पण घरातलं पान त्यांच्याशिवाय हलत नाही. विक्रमसिंह म्हणाला, "आईसाहेब, गाडीत काही नाही. हिनं कच्च्या रस्त्यावर आपटून आपटून तिची वाट लावलीय. आता विकून टाकू. आणि तोवर चावी माझ्याकडे."

"मी कुठेही आपटली नाही," वैभवी म्हणाली.

"मग थरथरते म्हणतेस ती काय उगाच?"

काय हा उलटा न्याय! थरथर नाही म्हणून ती खोटी, आणि थरथर आहे म्हणूनही तीच गुन्हेगार. आईसाहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पितृपंधरवडा आहे. या दिवसांत घरातलं काही विकत नाहीत. दसऱ्यानंतर बघू." पितरांच्या कृपेनं मी वाचले म्हणायची. इंदूरचा एक भंगारवाला मात्र येऊन माझ्या दारांवर टिचक्या मारून गेला.

वैभवी बसनं जायला लागली. शाळेत उशिरा पोचायची. हेडमास्तरांनी सांगितलं, असंच चाललं तर दिवाळीनंतर दुसरी बाई बघावी लागेल. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं. अंगणात केर काढताना माझ्या दाराला टेकून उभी राहिली आणि रडली, पदर तोंडात धरून, आवाज न करता.

तेव्हा मी ठरवलं. आता सोडायचं नाही.

खरं सांगू? चावी त्याच्याकडे गेली याचा मला आनंदच झाला. इतके दिवस सूड मनात होता, पण स्टिअरिंगवर ती असायची. प्रत्येक डाव्या वळणावर मी जीव मुठीत धरून तो सांधा सांभाळायचे, की तुटायचं असेल तर आज नको, हिच्या हातात नको. आता स्टिअरिंगवर तो असणार होता. म्हटलं, येऊ दे एकदा वेगात डाव्या वळणावर. सांधा असा सोडीन की चाक एकीकडे आणि विक्रमसिंह एकीकडे. हो, इतकं वाईट मनात आलं होतं. लपवत नाही.

खंडेनवमी आली. जॅकला हळदकुंकू झालं, माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. विक्रमसिंह नवा कुर्ता घालून स्टिअरिंगवर बसला. मी मनात म्हटलं, ये रे ये.

आणि मागचं दार उघडलं. पूजेचं ताट घेऊन वैभवी बसली. तिच्या शेजारी गुड्डी आत्या, आबासाहेबांची बहीण, जिचा सगळा जन्म माळव्यात गेल्यानं मराठी निम्मी आणि माळवी दुप्पट. आणि मग हळूहळू, काठी टेकत, कोण आलं असेल? आईसाहेब!

"आईसाहेब, तुमचे गुडघे..." विक्रमसिंह गडबडला.

"ह्यांची गाडी आहे. दसऱ्यानंतर जायची म्हणतोस. शेवटची प्रदक्षिणा मी घरी बसून कशी पाहू?" असं म्हणून त्या पुढे डाव्या सीटवर बसल्या आणि डॅशबोर्डवर तळवा ठेवला. तो तळवा किती वर्षांनी लागला मला.

झाली की नाही पंचाईत! आता सांधा सोडायचा कसा? ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याभोवती तीन बायका, त्यातल्या एकीसाठी तर मी हे सगळं करत होते. माझा सगळा बेत पाण्यात गेला. म्हटलं, ठीक आहे. तोडायचं नाही. पण ओरडायचं. संधी मिळू दे फक्त.

देऊळ आलं. विक्रमसिंह सवयीनं उजव्या हातानं निघाला. मी गप्प. तो खुशीत. आरशातून वैभवीकडे बघून म्हणालासुद्धा, "बघा आईसाहेब, कुठे आहे थरथर?" वैभवी ताटातल्या फुलांकडे बघत राहिली. गोमुख आलं आणि तो ते ओलांडणार, तेवढ्यात आईसाहेबांची काठी डॅशबोर्डवर आपटली.

"थांब! गोमुख ओलांडतोस? शंकराचं आहे ना रे हे देऊळ?"

"मी दरवर्षी पूर्ण फेरी मारतो, आईसाहेब."

"दरवर्षी? अरे करंट्या! तुझ्या वडिलांनी एकदा तरी ओलांडलं होतं का? त्या चिंचेखाली वळव आणि परत फिर."

मी सांगते तुम्हाला, त्या क्षणी माझं इंजिन बंद असतं तरी सुरू झालं असतं.

विक्रमसिंहाचा चेहरा उतरला. म्हणाला, "रिव्हर्समध्ये घेतो. वळवायला जागा नाही."

"देवाच्या दारी पाठमोरा जाणार? आणि बैलगाडी वळते तिथे, ही वळणार नाही? वळव म्हणते ना!"

वळवलं. आणि आता देऊळ आमच्या डाव्या हाताला होतं. पूर्ण वाटेनं डावं वळण, गाडीत चार माणसं, सगळा भार उजव्या चाकावर. मी घशात कोंडलेलं सगळं बाहेर काढलं. खट! खट! खट! खट! स्टिअरिंग त्याच्या हातात नाचायला लागलं, आरसा हलायला लागला, ताटातली सुपारी उडून गुड्डी आत्याच्या मांडीवर पडली.

"अरे मैया! चाक निकल गयो!" आत्या किंचाळली. "विक्रम, रोक रे, रोक!"

त्यानं ब्रेक मारला.

"हे काय होतं?" आईसाहेबांनी विचारलं. "मिस्त्रीनं तर काही नाही म्हणून सांगितलं ना?"

तो घामाघूम झाला होता. उतरून तावातावानं म्हणाला, "मी सांगत नव्हतो? हिनंच कुठेतरी आपटलीय! दगडावर घातलीय उजवी बाजू, बघा, उजव्या चाकाचा सांधाच..."

आणि तो थांबला.

वैभवी ताट सीटवर ठेवून खाली उतरली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "दगडावर? तुम्हाला कुणी सांगितलं दगड म्हणून? आत्ता गोमुखापर्यंत तर गाडीला काहीच झालं नव्हतं."

"म्हणजे... अंदाज..."

"मी उजवं चाक म्हणत होते तेव्हा माझा हात थरथरत होता. आता तुम्हाला बसल्या जागेवरून सांधासुद्धा दिसला?"

बोल ना आता, बोल! मी सायलेन्सरमधून एक फटाका काढला. अगदी वेळेवर.

आईसाहेब खाली उतरल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, डिकी उघडा. सांध्याचं मला कळत नाही. पण दगडावर गेलेलं चाक कसं दिसतं, ते ह्यांनी मला दाखवलं होतं." वैभवीनं सतरंजी उचलली. खाली ते वाकडं चाक. रिमच्या चेमटलेल्या कडेत मोरीचा चुना अजून भरलेला.

"थरथर सुरू झाली त्याच्या आदल्या रविवारी मांडूला कोण गेलं होतं?" आईसाहेब म्हणाल्या. "दगडाला गाडी लागली त्याचं मला काही नाही, विक्रम. तिच्या माथी मारलीस त्याचं आहे. अशा गाडीत ती रोज बसून जात होती. वाटेत हे चाक निघालं असतं तर? चावी आण इकडे."

त्यानं चावी दिली. आईसाहेबांनी ती हातात घेतली, पदरानं पुसली आणि वैभवीच्या तळहातावर ठेवली.

दसरा सरल्यावर वैभवीनं मला सावकाश रघुजीकडे नेलं. त्यानं खिशातून फोन काढला. "भाभीजी, एक मिनट, भिया से..."

"भिया से नहीं," ती म्हणाली. "मेरे से पूछो, रघुजी. उजवं चाक काढा, आतल्या सांध्याची टोपी बघा." त्यानं चाक काढलं, फाटलेली टोपी बघितली आणि कानाची पाळी धरली. नवा सांधा बसला, ताजं ग्रीस आलं. काय सांगू, म्हातारपणी नवा गुडघा मिळाल्यासारखं वाटलं. भंगारवाला नंतर एकदा आला होता. आईसाहेबांनी त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं.

तुम्ही म्हणाल, झालं की मग, मिटलं. तुमचं मिटलं असेल! माझं नाही. विक्रमसिंह आता डाव्या सीटवर बसतो. त्याच्या बाजूची काच उतरत नाही, दोन बोटं उतरते आणि अडते. सीटचा एक स्प्रिंग नेमका त्याच्याच पाठीत टोचतो. बाकी कुणी बसलं की नाही टोचत. रघुजीला कारण सापडत नाही. सापडणारही नाही.

पण खरा सूड मिळाला तो नवा सांधा बसल्यावरच्या पहिल्या सोमवारी. आईसाहेबांनी फर्मान काढलं, नवमीची प्रदक्षिणा अर्धी राहिलीय, ती पुरी झाली पाहिजे. आणि दरवर्षी गोमुख ओलांडलं त्याचं प्रायश्चित्तही. गाडी सूनबाई चालवतील, आईसाहेब शेजारी बसतील. विक्रम पुढे चालेल, हातात नारळ घेऊन, अनवाणी.

मुरूम तापलेला. पुढे तो, पाय चटकत, मागे मी, पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या टाचांपासून हातभर अंतरावर. त्याला माझ्या इंजिनाची धग पोटऱ्यांवर लागत होती. दर दोन पावलांनी मागे बघायचा. बघ बाबा, बघ. आता कळलं, पाठीमागे काहीतरी येतंय आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही, हे कसं वाटतं ते? वैभवीला असंच वाटत होतं, किती दिवस.

गोमुखापाशी आला आणि सवयीनं, होय हो, अजूनही सवयीनं, त्याचा पाय पुढे गेला. तेव्हा माझा हॉर्न वाजला. असा वाजला की चिंचेवरचे पोपट उडाले आणि नारळ त्याच्या हातून पडता पडता राहिला. उडी मारून मागे फिरला तर समोर मी. माझ्या दोन्ही दिव्यांच्या मधोमध उभा होता तो. खाली मान घातली आणि माझ्या नाकासमोरून डावीकडे निघाला. मीही चिंचेखाली वळून त्याच्या मागे निघाले. पूर्ण डावं वळण, आणि एक चकार आवाज नाही.

वैभवीचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेवर होते, हॉर्नवर नव्हते. आईसाहेबांनी पाहिलंय. त्यांनी नुसता डॅशबोर्ड थोपटला.

आता माझं एक मागणं ऐका, मग जा. तुमच्या घरी कधी एखादी गाडी थरथरली, आणि चालवणारी म्हणाली की थरथरतेय, तर तिच्या हाताकडे बघू नका. आधी तिच्याबरोबर त्या वळणावर जाऊन बसा. आणि चौकशीच करायची असेल तर एवढंच विचारा, आदल्या दिवशी चावी कुणाकडे होती?

ती बघा घंटा झाली. ती येतेय, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन. उचला तो कप. आणि जरा त्या बाजूला सरका, इथून बाहेर पडताना मला डावीकडे वळायचंय.